नवी आवृत्ती येईपर्यंत कंपनीने गप्प बसावं का?

कळफलक

१५ सप्टेंबर २०२०. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले. अ‍ॅपलच्या कार्यक्रमात टिम कुक यांनी सांगून टाकलं की आयफोनची नवी प्रणाली, आयओएस १४, उद्या येतंय. बीटा (चाचणीची आवृत्ती) जूनपासून डेव्हलपरांच्या, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या हातात होता, म्हणजे आत काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं. लपवून ठेवली होती ती फक्त तारीख. आदल्या वर्षी १० सप्टेंबरला कार्यक्रम झाला आणि १९ ला आयओएस १३ आलं. त्या मधल्या दिवसांत शेवटच्या एक्सकोडवर (अ‍ॅप बांधायचं अ‍ॅपलचं साधन) अ‍ॅप बांधायचं, तपासायचं, स्टोअरच्या मंजुरीला पाठवायचं अशी पद्धत बसली होती. २०२० मध्ये ते सगळं एका दिवसात उरकायचं होतं. जगभरचे डेव्हलपर उघडपणे चिडले. पुढच्या वर्षी १४ ला कार्यक्रम आणि २० ला आयओएस १५, असे मधले दिवस पुन्हा मिळाले.

मला या प्रसंगात सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की या गुप्ततेतून कुणाला काय मिळालं हेच सांगता येत नाही. ग्राहकाला एका दिवसात नवी प्रणाली मिळाली खरी, पण त्याची रोजची अ‍ॅप्स तिच्यासाठी तयार नव्हती. प्रतिस्पर्ध्याला सुगावा लागू नये म्हणावं, तर बीटा तीन महिने उघडाच होता.

आपल्याकडे या विषयावर बोलताना 'गुप्तता चांगली की वाईट' अशी सरळ विभागणी होते. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. घोषणेपर्यंत गप्प राहायला माझी हरकत नाही. घोषणा झाल्यापासून समोरच्याला बदल करावाच लागेल तोपर्यंत किती वेळ मिळतो, यावर सगळं ठरतं.

याच अ‍ॅपलचं चांगलं उदाहरण देतो. ६ जून २००५ ला स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर केलं की मॅक आता इंटेलच्या चिपवर जाणार. मॅक ओएस एक्सची प्रत्येक आवृत्ती गेली पाच वर्षं गुपचूप इंटेलवरही बांधली जात होती, हे त्यांनी त्याच मंचावर सांगितलं. पाच वर्षांचं गुपित! पण त्याच दिवशी डेव्हलपरांसाठी ९९९ डॉलरचं मशीन जाहीर झालं, जुनी अ‍ॅप्स चालवणारं रोझेटा दाखवलं गेलं आणि २००७ च्या अखेरपर्यंतचा आराखडा मांडला गेला. इंटेलचे मॅक दुकानात आले ते जानेवारी २००६ मध्ये. ज्याला तयारी करायची होती त्याला वेळही मिळाला आणि साधनंही.

आता उलटं उदाहरण. २००६ च्या डेव्हलपर परिषदेत सांगितलं की लेपर्ड या मॅकच्या पुढच्या आवृत्तीत कार्बन (अ‍ॅप्स बांधायची जुनी चौकट) ६४ बिट होणार, म्हणजे अ‍ॅप्सना खूप जास्त मेमरी वापरता येणार. अडोबीचा फोटोशॉप कार्बनवर उभा होता. जून २००७ च्या परिषदेत कळलं की ६४ बिट कार्बन येत नाही, ६४ बिट हवं तर कोकोआ या दुसऱ्या चौकटीवर जा. अडोबीलाही ते तिथेच कळलं. परिणाम काय झाला? २००८ चा फोटोशॉप सीएस४ विंडोजवर ६४ बिट आला, मॅकवर आला नाही. मॅकवाल्यांना २०१० च्या सीएस५ ची वाट पाहावी लागली. मोठ्या फाइलींवर काम करणारे छायाचित्रकार, छपाईवाले, जे मॅकचे सगळ्यात निष्ठावान ग्राहक, तेच दोन वर्षं मागे राहिले.

अडोबीसारख्या कंपनीची ही गत, तर चार माणसांच्या दुकानाचं काय होत असेल? इथे बरेच जण या धंद्यात आहेत. कुणाच्या अंगावर काय आलं, आणि गप्प राहण्याच्या बाजूने तुमचं काय म्हणणं आहे, दोन्ही वाचायला आवडेल.

तळेगावकर

चांगला धागा. मी गप्प राहण्याच्या बाजूचा आहे, आणि तेही अनुभवाने.

आधी इतिहास. ऑक्टोबर २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने लॉस एंजेलिसला डेव्हलपरांपुढे लाँगहॉर्न, म्हणजे पुढे व्हिस्टा नावाने आलेलं विंडोज, उलगडून दाखवलं. विनएफएस नावाची नवी साठवण व्यवस्था, अ‍ॅव्हलॉन नावाची स्क्रीनवरच्या चित्रणाची आणि इंडिगो नावाची संदेशवहनाची व्यवस्था, सगळं मंचावर. यापेक्षा जास्त मोकळेपणा कुठली कंपनी दाखवणार? ऑगस्ट २००४ मध्ये विनएफएस बाजूला काढलं आणि विंडोज सर्व्हर २००३ च्या पायावर काम जवळजवळ नव्याने सुरू केलं. व्हिस्टा लोकांच्या हाती आलं ३० जानेवारी २००७ ला, एक्सपीनंतर पाच वर्षांनी. विनएफएस उत्पादन म्हणून कधीच आलं नाही. २००३ मध्ये त्या भाषणांवर विश्वास ठेवून ज्यांनी आपल्या सॉफ्टवेअरची आखणी केली, त्यांचे कष्ट कुणी भरून दिले?

म्हणून विंडोज ७ च्या वेळी स्टीव्हन सिनॉफ्स्की यांनी उलटा नियम लावला. जे नक्की येणार तेवढंच बोलायचं. २००८ च्या ऑगस्टपर्यंत फारसं काही बाहेर आलं नाही, ऑक्टोबरमध्ये डेव्हलपरांना दाखवलं, २२ ऑक्टोबर २००९ ला बाजारात आणलं. लोकांना ते आवडलं आणि वेळेवरही आलं.

आता घरचं. मी आधी जिथे होतो तिथे सेल्सवाले क्लायंटला पुढच्या वर्षाचा रोडमॅप दाखवायचे. पुढची आवृत्ती चांगली दिसली की क्लायंट म्हणायचा, मग आत्ता कशाला घेऊ, तीच घेतो. चालू आवृत्तीची विक्री थांबायची. विक्री थांबली की पैसा थांबायचा, पैसा थांबला की पुढच्या आवृत्तीवरची माणसं कमी व्हायची, आणि ती आवृत्ती अजून लांबायची. शेवटी ग्राहकाला ना आत्ताचं मिळालं ना पुढचं. तुम्ही आम्ही डेव्हलपर म्हणून माहिती मागतो, पण तिची किंमत कंपनीच्या तिजोरीतून जाते.

भिंगरी

वाचतेय. वाचनखूण साठवली.

ऋता

तळेगावकरकाका, तुमचा मुद्दा पटला. पण या चर्चेत एक माणूस नेहमी सुटतो, त्याच्याबद्दल लिहिते.

मी बरीच वर्षं सपोर्टमध्ये काढली. कंपनीचं नाव घेत नाही. आमच्याकडे गुप्तता इतकी कडक होती की नवी आवृत्ती कधी येणार हे सपोर्टच्या लोकांनाही सांगत नसत. रिलीजच्या दिवशी सकाळी पहिला फोन यायचा आणि ग्राहकच आम्हाला सांगायचा की अमुक बटण आता तमुक ठिकाणी गेलंय. आम्ही त्याच्याबरोबर स्क्रीन बघत शिकायचो. ग्राहकाला वाटायचं, यांना स्वतःचंच माहीत नाही. आणि त्याचं बरोबर होतं.

बाहेरच्या जगापासून लपवणं समजू शकते. पण ज्यांनी उत्तरं द्यायची त्यांच्यापासून लपवून काय साधतं? मदतपुस्तिका लिहिणारे, भाषांतर करणारे, प्रशिक्षण देणारे हे सगळे रिलीजच्या आधी लागतात. मराठी इंटरफेस इंग्रजीच्या मागून दोन-तीन महिन्यांनी येतो, याचं एक कारण मला हेच दिसलं आहे. शेवटचे शब्द गोठवेपर्यंत भाषांतर करणाऱ्याला काहीच दाखवत नाहीत. मग घाईत जे होतं ते आपण सगळे स्क्रीनवर वाचतो.

सॅनहोजेकर

ऋता, +१. आतल्या गुप्ततेबद्दल फार कमी लिहिलं जातं.

स्विफ्ट या अ‍ॅपलच्या प्रोग्रॅमिंग भाषेची गोष्ट इथे सांगायलाच हवी. तिथल्या ख्रिस लॅटनर यांनी जुलै २०१० मध्ये ती भाषा लिहायला घेतली. २ जून २०१४ ला ती जाहीर झाली. मधली चार वर्षं कंपनीच्या आतही फार थोड्यांना ती माहीत होती. त्या दिवशी सभागृहात बसलेल्या डेव्हलपरांना आनंद झाला तो खराच होता, तो मी नाकारणार नाही. पण त्या आनंदानंतर भाषा वर्षभर इतकी बदलत राहिली की आधीचा कोड नव्या एक्सकोडवर बांधलाच जात नसे. चार वर्षांत बाहेरच्या वापरणाऱ्यांकडून जे कळलं असतं ते सगळं जाहीर झाल्यावर एकदम कळायला लागलं.

मग ३ डिसेंबर २०१५ ला स्विफ्ट ओपन सोर्स झाली, म्हणजे तिचा कोड सगळ्यांना खुला झाला, आणि बदलांचे प्रस्ताव उघड्यावर यायला लागले. सप्टेंबर २०१६ च्या स्विफ्ट ३ ने तर आधीपेक्षा जास्त मोडतोड केली. पण काय मोडणार आणि का, हे महिनोन् महिने आधी वाचता येत होतं, त्यावर भांडता येत होतं. मोडतोडीचा त्रास झालाच, अंधारात ठेवल्याचा राग मात्र नव्हता. मला हा फरक फार मोठा वाटतो.

गंमत बघा, तेच लोक २०१९ मध्ये पुन्हा जुन्या वाटेने गेले. स्विफ्टयूआय (अ‍ॅपचे स्क्रीन बांधायची नवी चौकट) गुप्त ठेवायचं होतं, म्हणून त्यासाठी लागणारी फंक्शन बिल्डर नावाची भाषेतली सोय कुणाशीही चर्चा न करता कंपायलरमध्ये आली. रीतसर प्रस्ताव २०२० मध्ये आला, नावही बदलून रिझल्ट बिल्डर झालं. सोय चांगली आहे, मी रोज वापरतो. पण आधी वापर आणि मग चर्चा असा क्रम झाला की चर्चेला अर्थ काय उरतो? तोवर हजारो अ‍ॅप्स त्यावर उभी असतात.

आणि २००८ विसरू नका. आयफोनचा एसडीके (अ‍ॅप बनवायची साधनं) मार्चमध्ये आला, स्टोअर जुलैमध्ये उघडलं, तरी करारातल्या कलमामुळे डेव्हलपरांना एकमेकांशी उघडपणे कोडबद्दल बोलायची बंदी होती. फोन लोकांच्या खिशात, अ‍ॅप्स विकली जाताहेत, आणि एखादी अडचण कशी सोडवायची हे जाहीरपणे विचारायचं नाही. पुस्तकं अडकून पडली. १ ऑक्टोबर २००८ ला कंपनीने बाजारात आलेल्या सॉफ्टवेअरपुरतं ते कलम मागे घेतलं. त्यानंतर जी शिकवण्या, पुस्तकं, उत्तरं यांची लाट आली त्यावर आजचे कितीतरी आयफोन डेव्हलपर घडले. मीही त्यातलाच.

कळफलक

सॅनहोजेकर, फार छान लिहिलंत. २००८ चं मी फक्त ऐकून होतो.

तळेगावकर, लाँगहॉर्नबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण तिथे दोष मोकळेपणाचा होता का? माझ्या मते दोष कच्च्या गोष्टीला पक्कं म्हणून मंचावर नेण्याचा होता. विनएफएसबद्दल 'आम्ही प्रयत्न करतोय, जमेल की नाही ठाऊक नाही' असं २००३ मध्येच म्हटलं असतं, तर कुणी त्यावर घर बांधलं नसतं. लाँगहॉर्नच्या डेव्हलपरांवर आणि कार्बनवाल्या अडोबीवर आलेली वेळ एकच आहे. दोघांना वचन मिळालं, दोघांचं वचन मोडलं. एक कंपनी बोलकी आणि एक अबोल, पण खालच्या माणसाला सारखाच फटका.

तुमच्या जुन्या कंपनीचा अनुभव मात्र मला सोडवत नाहीये. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. विकत घेणाऱ्याला पुढचं सांगितलं की विक्री अडते, हे खरं आहे.

म्हापसेकर

नमस्कार. मी गोव्यात हॉटेलं, गेस्ट हाउस यांच्यासाठी बुकिंगचं छोटं सॉफ्टवेअर बनवतो. आम्ही तिघं. अ‍ॅप अँड्रॉइडवर आहे.

आमच्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे गूगल प्लेचा टार्गेट एपीआयचा नियम, म्हणजे अ‍ॅप अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्तीसाठी बांधलेलं हवं. तो डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झाला आणि नव्या अ‍ॅप्सना लागू झाला ऑगस्ट २०१८ पासून, जुन्या अ‍ॅप्सच्या अपडेटना नोव्हेंबरपासून. आता तर दरवर्षी ऑगस्टअखेरचा मुहूर्त ठरलेलाच. नियम कडक आहे, कटकट आहे, दरवर्षी काहीतरी मोडतं. पण तारीख आधी माहीत असते, म्हणून मी ते काम पावसाळ्यात घेतो. पर्यटक कमी, हॉटेलवाल्यांकडे वेळ, काही बिघडलं तरी निभावतं. हेच काम कुणी अचानक डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अंगावर टाकलं तर माझे ग्राहक मला दारात उभं करणार नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

नवी आवृत्ती किती सुंदर असेल हे मला आधी कळलं नाही तरी चालेल. कधी आणि काय मोडेल, एवढं कळवा.

तळेगावकर

म्हापसेकर, तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य. त्याला मी गुप्तता मोडणं म्हणणारच नाही, ती सूचना झाली.

सीए_इचलकरंजी

मी सॉफ्टवेअरवाली नाही, वापरणारी आहे. ग्राहकाच्या बाजूने लिहिते, कारण वर सगळे बनवणारेच बोलताहेत.

आमच्या कामात कायदा सगळ्यांना आधी कळतो, पण विवरणपत्राचा फॉर्म आणि तो भरायची युटिलिटी मागून येते. यात गुप्तता असते असं मी म्हणत नाही. पण उशिरा सांगणं आणि न सांगणं यांचा आमच्या टेबलावर परिणाम एकच होतो. कर निर्धारण वर्ष २०२५-२६ चंच बघा. फॉर्ममध्ये मोठे बदल झाले आणि युटिलिटी तयार करायला वेळ हवा होता, हे कारण देऊन केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २७ मे २०२५ लाच ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबर केली. मंडळाने ते कारण स्वतः सांगितलं आणि वेळेत सांगितलं, हे मला आवडलं. कारण माझ्यासारख्यांना त्या दिवशीच अशिलांना फोन करून सांगता आलं की कागद आणून द्या, पण घाबरू नका.

आमचं लेखा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडूनही मला एवढंच हवं असतं. एका वर्षी एका पुरवठादाराने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पूर्ण नवा इंटरफेस दिला, आधी अवाक्षर न काढता. ज्याने तो निर्णय घेतला त्याला ३१ मार्च म्हणजे काय हे माहीत नसावं. गिरणीत, यंत्रमागाच्या शेडमध्ये बसून रात्री हिशेब पुरे करणारी मुलं माझ्याकडे आहेत. त्यांचे हात कीबोर्डवरच्या जुन्या किल्ल्यांवर बसलेले. एका बदलाने त्यांचा वेग निम्मा झाला. कंपनीला वाटलं आनंदाचा धक्का देतोय. धक्का तेवढा बसला.

ऋता

सीएताई, हे वाचून जुने फोन आठवले. रिलीजची तारीख ठरवणाऱ्या प्रत्येकाने तुमचा प्रतिसाद वाचावा.

अनुस्वार

मी फॉन्ट बनवतो. आमच्या क्षेत्रातलं पूर्ण उघडं उदाहरण देतो, आणि ते मराठीतलंच आहे: मोडी.

मोडी लिपी युनिकोडच्या, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक जागा देणाऱ्या मानकाच्या, ७.० आवृत्तीत आली, जून २०१४ मध्ये. पण ती येणार हे काही त्या दिवशी कळलं नाही. अंशुमन पांडे यांचे प्रस्ताव त्याच्या काही वर्षं आधीपासून जाहीर होते. कुठलं अक्षर कुठे बसणार, मात्रा कशा जोडायच्या, नमुन्याला कुठले जुने कागद घेतले, सगळं कुणालाही वाचता येत होतं आणि त्यावर मत कळवता येत होतं. युनिकोडची प्रत्येक आवृत्ती येण्याआधी तिचा बीटाही जाहीर होतो. फॉन्ट बनवणाऱ्याला चित्रं काढायला, जोडण्या लिहायला वर्ष-दोन वर्षं लागतात. गुप्तपणे लिपी मंजूर करून एका दिवशी जाहीर केली असती, तर मंजूर झालेली मोडी कित्येक दिवस कुणाच्याच स्क्रीनवर दिसली नसती.

आणि इथे मोकळेपणा चैनीची गोष्ट नाही. युनिकोडचा नियम आहे की एकदा अक्षराला जागा दिली की ती काढत नाहीत, हलवत नाहीत. चूक झाली तर ती कायमची. अशा ठिकाणी जितके जास्त डोळे आधी पडतील तितकं बरं. जी गोष्ट नंतर दुरुस्त करता येत नाही ती गुप्त ठेवून बाहेर काढणं मला धोक्याचं वाटतं, मग ती लिपी असो की प्रोग्रॅमिंगची भाषा.

तळेगावकर

अनुस्वार, मोडीबद्दल हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

तरीही दोन गोष्टी मांडतो. पहिली, आधी सांगितलं की लोक तयारी करतात हे गृहीत धरू नका. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नव्या आवृत्तीचं, पायथन ३ चं, सगळं उघड्यावर झालं. डिसेंबर २००८ मध्ये ते आलं. पायथन २ बंद करायची तारीख आधी २०१५ होती, ती २०२० पर्यंत पुढे न्यावी लागली, कारण लोक हललेच नाहीत. १ जानेवारी २०२० नंतरही कितीतरी ठिकाणी जुनं चालूच होतं. अकरा वर्षांची सूचना देऊनही!

दुसरी, सुरक्षेतल्या त्रुटी. तिथे गुप्तता नसेल तर सामान्य माणूस मरतो. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसर चिपमधल्या त्रुटी जून २०१७ मध्ये चिप कंपन्यांना कळवल्या गेल्या, ९ जानेवारी २०१८ ही जाहीर करायची तारीख ठरली होती. आधी फुटल्यामुळे ३ जानेवारीलाच सगळं बाहेर आलं आणि पॅचची, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटची, धावपळ झाली.

सॅनहोजेकर

दुसऱ्या मुद्द्याशी सहमत, पण एक भर घालतो. त्या सात महिन्यांत माहिती कुणाला होती? चिप कंपन्या, मोठे क्लाउडवाले, मोजक्या मोठ्या प्रणाली. छोटे क्लाउडवाले आणि ओपनबीएसडीसारख्या प्रणालींचे छोटे प्रकल्प यांना तुमच्याआमच्याबरोबरच कळलं. त्यांचे ग्राहक काही कमी प्रतीचे नव्हते. गुप्तता हवी, हो. पण कुणाला आत घ्यायचं हे फक्त आकारावर ठरतं, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

कळफलक

तळेगावकर, पायथनबद्दल बरोबर आहे. सूचना देऊन लोक हलतातच असं नाही. पण ज्याला हलायचं होतं त्याला अकरा वर्षांत कधीही हलता आलं. न हलणाऱ्याने स्वतः निवड केली. आयओएस १४ च्या वेळी निवड करायला जागाच नव्हती.

तुमच्या विक्री थांबण्याच्या मुद्द्यावर दोन दिवस विचार करतोय. वरचे प्रतिसाद वाचून एक सुचलं, पटतंय का बघा. विकत घेणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला वेगवेगळी माहिती लागते. पुढच्या आवृत्तीत नवं काय, हे विकत घेणाऱ्याला मोहात पाडतं, ते दडवा. पुढच्या आवृत्तीत जुनं काय जाणार, कुठली फाइल उघडणार नाही, कुठली किल्ली बदलणार, हे वापरणाऱ्याला लागतं. ते ऐकून कुणी खरेदी थांबवत नाही. सीएताईंना, म्हापसेकरांना, अडोबीला हवी होती ती हीच दुसरी माहिती.

तळेगावकर

हे पटण्यासारखं आहे. फक्त 'खरेदी थांबवत नाही' हे जरा जपून म्हणा. माझी अमुक फाइल पुढे उघडणार नाही असं कळलं तर काही जण दुसरीकडे जातील.

सीए_इचलकरंजी

जातीलच. आणि मार्चमध्ये कळण्यापेक्षा सहा महिने आधी कळून गेलेले बरे, त्यांच्यासाठी तरी. मी गेल्या वेळेपासून नव्या पुरवठादाराशी करार करताना एक ओळ घालून घेते: १ मार्च ते ३० एप्रिल या काळात इंटरफेस बदलणार नाही, आणि इतर वेळी नव्वद दिवसांची लेखी सूचना. पहिल्या पुरवठादाराने नकार दिला. दुसऱ्याने सही केली, त्याच्याकडूनच घेतलं.

म्हापसेकर

ताई, त्या ओळीचा मसुदा इथे टाकता येईल का? मी देणारा आहे, पण माझ्याच करारात घालीन म्हणतो. आमच्यासाठी काळ १५ डिसेंबर ते ५ जानेवारी.

सीए_इचलकरंजी

आज रात्री अशिलांची नावं वगळून मसुदा इथे टाकते.